कातळावरचा हात

"बाबा, बसला! पाहा ना, अगदी बोटाला बोट... हा माझाच हात, नाही का?"

पैठणचा वामदेवशास्त्री कातळाला पालीसारखा चिकटला होता. वाळवंटभर उंटावर हाडं खिळखिळी करून घेत तो गुरूंबरोबर या डोंगराशी पोचला होता. कातळावर गेरूची जुनीपुराणी चित्रं होती. रानबैल, शिकारी, आणि माणसांच्या हातांचे ठसे. त्यातल्या एकावर त्याचा तळवा चपखल बसला होता.

भुरानाथबाबा चूल मांडत होते.

"बसला. मग?"

"मग काय! मागल्या जन्मी मीच इथं तप केलं. खूणच पटली. आता तुमचा चिमटा..."

हं, खरं दुखणं तिथं होतं! बाबा थकले होते. त्यांचा चिमटा ज्याच्या हाती जाईल, तो त्यांच्यामागे गुरू. त्या चिमट्यापायी बिचाऱ्याची झोप उडाली होती.

बाबा उठले. त्याच ठशावर त्यांनी आपला तळवा ठेवला. बसला.

वामदेवाचं तोंड उतरलं.

बाबांनी लाधू उंटवाल्याला खूण केली. त्याचाही बसला.

"म्हणजे मागल्या जन्मी आपण तिघंही..."

"तिघांत मिळून एकच हात होता की काय, शास्त्रीबुवा?" लाधूनं विचारलं.

बाबा हसले नाहीत.

"इथली रीत आहे. ज्याचा हात बसला, त्यानं त्या कुंडातून पाणी ओढून ही दगडी डोणी भरायची. मागून येणाऱ्यांसाठी."

"पण तुमचाही बसला की!"

"बसला म्हणून ओरडलं कोण?"

...

वामदेवानं पोहरा सोडला. कुंड खोल, दोर काथ्याचा. आधी त्यानं मंत्र म्हटले. मग मनातल्या मनात बाबांना शिव्या घातल्या. मग शिव्यांपुरताही दम उरला नाही. लाधूचे उंट तर महानिर्लज्ज! तो ओतायचा आणि ते पिऊन टाकायचे.

"मरो ती डोणी आणि तो चिमटा!" असं म्हणून तो मटकन खाली बसला.

तेवढ्यात दूर धूळ दिसली. एक तांडा येत होता. बायका, पोरं, शेळ्या, सगळ्यांचे घसे कोरडे.

वामदेव धुळीकडे बघत राहिला. मग कुणी न सांगता उठला आणि त्यानं पुन्हा पोहरा सोडला.

तांडा आला, पोटभर पाणी प्यायला. वामदेवाचं नावही कुणी विचारलं नाही. एका शेळीनं तेवढं त्याचं उपरणं चावून पाहिलं.

संध्याकाळी बाबा भाकरी भाजत होते. वामदेव पुन्हा कातळाशी गेला. तळहातावर टरटरून फोड आलेले, बोटं सुजलेली, सरळ होईनात.

"बाबा..."

"काय रे?"

"आता नाही बसत."

त्याला रडू यायला हवं होतं, पण आलं हसू. एकटाच खो खो हसत सुटला.

बाबांनी चिमटा त्याच्या सुजलेल्या हातात ठेवला.

"आता बसला. उलट ती भाकरी, करपतेय."