पळणारे पाळकसाहेब

मेथडिस्ट चर्चचे पाळक शांतवन वाघचौरे रोज पहाटे कोसभर नाही, चांगले चार-पाच कोस पळायचे. वाटेत आजारी, रुसलेल्या, दारूत बुडालेल्या माणसांची दारं ठोठावायचे. कमिटीचे अध्यक्ष रणपिसेसाहेब मात्र जिना चढायलाही दुसरा माणूस पाठवतील असे. भर सभेत ते गरजले, "चड्डीत पळता, लाज नाही वाटत? बायबलात एक प्रतिष्ठित माणूस पळताना दाखवा, नाहीतर बिशपांना सांगून बदलीच करतो!"

पाळकांना रोज ठोठावलेली ती दारं आठवली. ही माणसं सोडून जायचं? पण ते हसले.

"साहेब, रविवारी उधळ्या पुत्राची गोष्ट तुम्हीच वाचलीत. घरचा पैसा उधळून वाया गेलेला पोरगा परत येताना दुरून दिसताच नोकरचाकर असलेला म्हातारा बाप धावत सुटला. न पळणाराही आहे त्या गोष्टीत. थोरला भाऊ, धाकट्याचं स्वागत झालं म्हणून दाराबाहेर फुगून उभा!"

बदलीचा विषय तिथंच मिटला. साहेबांनी बायबल उघडलं, पण तोंड लपवण्यापुरतंच.