नगारा वाजला की दार बंद

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ज्या राज्यात ती घडली त्याचं नावही आता कुणाला सांगता येत नाही. त्या राज्याच्या कडेला विणकरांचं एक नगर होतं आणि त्या नगराचा एक कोतवाल होता.

एके काळी या नगरावर घोडेस्वार लुटारूंच्या धाडी पडत. लुटारू मोठे लबाड. दारावर थाप मारून शेजाऱ्याच्या आवाजात हाक मारायचे आणि कुणी कडी काढली की घर धुऊन न्यायचे. कोतवालानं त्यावर एक शिस्त बसवली. वेशीवरचा नगारा वाजला की हातातलं काम टाकायचं, घरात शिरायचं आणि दाराला आतून कडी घालायची. वेशीवरून शिंग फुंकलं जाईपर्यंत ती काढायची नाही.

"माझा आवाज ओळखू आला तरी दार उघडू नका," तो बजावायचा. "मानेवर तलवार ठेवून ते मलाही बोलायला लावतील."

दर अमावास्येला या साऱ्याचा सराव चाले. हळूहळू नगर इतकं तयार झालं, की नगाऱ्याचा आवाज विरायच्या आत गल्ल्या ओस पडत. लुटारू हात हलवत परत गेले आणि पुढे फिरकलेच नाहीत. कोतवालाची छाती फुगली. ती फुगायला हरकत नव्हती, पण पुढे कित्येक वर्षं ती फुगलेलीच राहिली, ही पंचाईत झाली.

मग एक व्यापारी जमिनीतून निघणारं नवं तेल घेऊन नगरात आला. त्याच्या दिव्यांच्या लख्ख उजेडापुढे करंजेलाच्या मिणमिणत्या पणत्या कुणाला आवडणार? दिवेलागणीनंतरही माग चालू लागले, कापड वाढलं, सगळे खूश झाले. तेलाचं कोठार विणकर आळीच्या तोंडाशीच उभं राहिलं, कारण तेल आणायला लांब जायचा सगळ्यांनाच कंटाळा. कोतवालाची मुलगी त्याच आळीत दिली होती.

व्यापारी माणूस सरळ होता. एक दिवस तो आपण होऊन कोतवालाकडे आला.

"कोतवालसाहेब, तेल मी विकतो, म्हणून मीच सांगतो. हे पेटलं तर करंजेलासारखं विझत नाही. पाणी ओतलं की आग पाण्यावर तरंगत पसरते. तिच्यावर माती टाकावी लागते. आणि त्याआधी माणसं घरातून बाहेर, मोकळ्यावर काढावी लागतात. कोठार वस्तीपासून लांब नेऊ द्या आणि लोकांना हे शिकवून ठेवा."

"आमच्या लोकांना शिस्त आहे," कोतवाल म्हणाला.

"आहे ना. पण ती लुटारूंसाठीची आहे."

"संकट ते संकट. नगारा वाजला की काय करायचं ते इथल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. आता दुसरंच काही शिकवायला गेलो तर सगळ्यांचा गोंधळ उडेल."

या बोलण्यात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही. त्यामुळेच तो विषय तिथं मिटला.

उन्हाळ्यातल्या एका दुपारी कोठारात कुणाच्या तरी हातून ठिणगी पडली. वेशीवरच्या पहारेकऱ्यानं धूर पाहिला आणि त्याला शिकवलं होतं तेच केलं. त्यानं नगारा बडवला.

नगरानंही शिकवलं होतं तेच केलं. विणकरांनी हातातले धोटे टाकले, बायका भरल्या घागरी रस्त्यात ठेवून घरात शिरल्या, आळीभर कड्या लागल्या. आग आळीत शिरली तेव्हा माती टाकायला तिथं चिटपाखरूही नव्हतं.

कोतवाल धावत आला. त्यानं एका दारावर थाप मारली. "बाहेर या, आग लागलीय." आतून कुणी हूं की चूं केलं नाही. पुढच्या दारीही तेच. मग तो मुलीच्या दाराशी गेला.

"बाळे, मी आलोय. दार उघड."

आत बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. मग काहीतरी जड ओढत आणून दाराला टेकवल्याचा आवाज आला.

दार फोडावं तर तेवढं एकच फुटणार होतं आणि आळीत दारं पुष्कळ होती. सगळी एकदम उघडायची तर वेशीवरचं शिंग फुंकायला हवं होतं, आणि वेस नगराच्या पार दुसऱ्या टोकाला. लेकीला त्या बंद दारामागं सोडून तो वेशीकडे पळत सुटला. बापाला ते कसं जमलं असेल, हे ज्याचं त्यानं समजून घ्यावं.

शिंग वाजलं. दारं उघडली आणि माणसं जीव मुठीत धरून मोकळ्यावर पळाली. मुलगीही तान्ह्या बाळाला छातीशी धरून बाहेर पडली. कोठाराला लागून असलेल्या घरांची दारं मात्र उघडली नाहीत. पुढे राख उपसताना त्या घरांच्या कड्या सापडल्या, आतून घातलेल्या.

संध्याकाळी कोतवाल मुलीजवळ येऊन बसला. "तुला माझा आवाज ओळखू आला नाही का गं?"

"आला ना बाबा," ती म्हणाली. "म्हणून तर आणखी घाबरले. तुमच्या मानेवर तलवार असेल असं वाटलं मला."

ती रागावून बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

त्यानंतर कोठार नगराबाहेर गेलं आणि आगीसाठी वेगळी घंटा टांगली गेली. वेशीतून काहीही नवं आत आलं, की कोतवाल ते आणणाऱ्याला आधी विचारी, "हे बिघडलं तर काय होतं?" मग लोकांना गोळा करून त्याप्रमाणे शिकवी. लोक कुरकुरत, पुन्हा काय नवीन काढलंत म्हणत. तो निमूट ऐकून घेई आणि शिकवत राही. पण या नगरासारखी शिस्त कुठं नाही असं कुणी त्याच्यासमोर म्हणालं, तर तो तिथून उठून जाई.

यातून घ्यायचं ते इतकंच: काल ज्या शिस्तीनं वाचवलं ती आजच्या संकटाला चालेल का, हे जो वेळेआधी तपासत नाही, त्याची राखणच त्याचा घात करते.