उरलेल्या बर्फाभोवतीची बैठक

त्या मुलुखात हिवाळा दर वर्षी थोडा उशिरा येई आणि थोडा लवकर जाई, आणि हे सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच तर त्यावर बोलायला सगळे दर साली उंच खिंडीत जमत. जमत ते फटफट्यांवर बसून. जमिनीत गाडल्या गेलेल्या जुन्या अरण्याचा काळा रस पिऊन या फटफट्या चालत आणि मागं काळा धूर सोडत.

ठकू घोरपडीचा आपल्या फटफटीवर भारी जीव. घोरपडीचं अंग गार पडलं की हातपाय चालेनासे होतात; पायी निघाली असती तर बिचारी पहिल्याच चढावर आखडून पडली असती. इंजिनाच्या उबेला पोट लावून बसलं की मात्र ती थेट खिंडीत पोचे. तिथं तिचा जिवलग राहायचा, गेनू ससा. खाली पठारावर तिच्याशी कुणी धड दोन शब्द बोलत नसे, त्यामुळं गेनू म्हणजे तिचं सगळं गणगोत.

दिवस लहान झाले की गेनू पांढरा व्हायचा. बापजाद्यांपासूनचं अंगच तसं, त्याला विचारतंय कोण! पूर्वी तो बर्फात असा मिसळून जाई की ठकूलाही हाका मारून शोधावं लागे. आता डोंगर काळाच्या काळा राहू लागला होता आणि वर गरुडीण घिरट्या घालत होती. गेनूचे भाऊबंद तिनं एकेक करून उचलले होते.

त्या वर्षी ठकू सगळ्यांच्या आधी पोचली, तर अख्ख्या खिंडीत बर्फाचा एकच तुकडा उरलेला. एका कातळाच्या आडोशाला, जेमतेम अंथरुणाएवढा. त्याच्या मधोमध गेनू बसला होता, आणि काळे डोळे वरून दिसू नयेत म्हणून त्यानं ते गच्च मिटले होते.

"ठकू, तूच ना गं?" तो तसाच म्हणाला. "मी इथं आहे हे कुणाला सांगू नकोस. एवढ्या तुकड्यावर निभेल माझं."

"चल की माझ्याबरोबर खाली."

"खाली उकाड्यानंच मरेन मी."

तेवढ्यात बाकीची मंडळी धडधडत वर आली. बर्फ पाहून त्यांना अगदी भरून आलं. "अरे, आहे की अजून!" असं ओरडत विसूभाऊ कोल्ह्यानं फटफटी थेट तुकड्याला भिडवली, आणि मग सगळ्यांनीच त्याच्याभोवती कडं केलं. यंदाची बैठक इथंच, याच्यासमोर, असं ठरलं. फटफटी मात्र कुणीच बंद केली नाही. खिंडीत इंजिन गार पडलं की पुन्हा सुरू होत नाही, म्हणून ते बंद करायचं नाही, असा नियम होता. नियम कडाक्याच्या थंडीतला होता, पण तो मोडायचा कुणी? म्हणून वाद घालायचा तो धडधडाटाच्या वर आवाज चढवून.

मनूताई खार म्हणाली, "मी बाई प्रत्येक फेरीमागं एक बी पुरते."

"कुठं पुरलंत ते आठवतं का?" विसूभाऊंनी विचारलं.

"आठवायचं कशाला? पुरलं ना, झालं!"

विसूभाऊंचं म्हणणं असं, की खाली हत्तींच्या भट्ट्या रात्रंदिवस जळतात, त्यांच्यापुढं आपला धूर म्हणजे नुसती शिंक. जाब विचारायचा तर हत्तींना विचारा. यात खोटं काहीच नव्हतं, हीच तर पंचाईत होती. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि इंजिनं विझू नयेत म्हणून आणखी थोडी रेस दिली.

ठकूचं लक्ष बर्फाकडं होतं. त्याच्या कडेनं पाणी सुटलं होतं. मधोमध गेनूचं अंग थरथरताना तिला दिसत होतं. शेवटी तिच्यानं राहवेना. "अहो, बंद करा त्या! त्या बर्फावर गेनू आहे माझा!"

"तू आधी बंद कर की," विसूभाऊ म्हणाले.

ठकूनं बंद केली. खिंडीत, आयुष्यात पहिल्यांदाच. बोटं लगेच जड पडायला लागली.

विसूभाऊंनी वाकून तुकडा न्याहाळला. "बघा मंडळी, हिनं बंद केली. थांबलं का वितळायचं?"

नव्हतंच थांबलं. "तरी ठकूचं कौतुक आहे हो," मनूताई म्हणाली आणि तिनं टाळ्याही वाजवल्या.

बघता बघता तुकड्याची नुसती ओल उरली, आणि काळ्या कातळावर पांढराशुभ्र गेनू उघडा पडला. बैठकीवरून एक रुंद सावली सरकत गेली. सगळ्यांना फार वाईट वाटलं. "हेच मी मघापासून सांगत होतो," विसूभाऊ म्हणाले. विषय गंभीर आहे, पुढच्या साली याहून जास्त मंडळींना वर आणलं पाहिजे, यावर मात्र एकमत झालं, आणि ऊन उतरायच्या आत सगळे खाली निघून गेले.

ठकू सरपटत आपल्या फटफटीमागं गेली. धुराच्या नळीत हात घालून तिनं काजळी खरवडली आणि गेनूच्या पाठीला, डोक्याला फासली. सावली पुन्हा आली, त्याच्यावरून गेली, जराही थबकली नाही. गेनूनं कधीचा कोंडलेला श्वास सोडला.

"अजून आहे का गं?" त्यानं विचारलं. पोट आणि दोन्ही कान अजून पांढरेच होते.

नळी रिकामी झाली होती. वर गरुडीण वळत होती. ठकूनं आखडलेला पाय कसाबसा उचलला आणि किक मारली. पहिल्याच किकेला फटफटी सुरू झाली. काळा धूर भसाभसा बाहेर आला, आणि त्याच्या उबेनं ठकूच्या अंगात जीव आला. तिला रडू फुटलं.

"पुढच्या वर्षीही येशील ना?" गेनू म्हणाला. "फटफटीवरच ये, बरं का."

आणि धुरानं एक कान काळा झाल्यावर त्यानं आपणहून दुसरा कान नळीसमोर धरला.