दोन सेकंदांचे काम

“...आणि ‘माहीत नाही’ असे किती ठिकाणी लिहिले आहेस?”

“एकाही ठिकाणी नाही, सर.”

अच्युतने संगणकाचा पडदा आबासाहेबांकडे वळवला. शरीरातले कोणते जनुक केव्हा जागे व्हावे आणि केव्हा निजावे, हे ठरवणाऱ्या ऐंशी हजार बटणांची सूची त्याच्या संकेतस्थळावर होती. एखाद्या बटणात बिघाड आढळला, की त्यापुढे एकच शब्द: निर्धोक किंवा घातक. डॉक्टरांना याहून अधिक काय हवे? पाचव्या वर्धापनदिनासाठी त्याला आता गुरूंच्या आशीर्वादाच्या दोन ओळी तेवढ्या हव्या होत्या.

“अकरा वर्षे मी तुला ‘माहीत नाही’ असे लिहायला शिकवले.”

“म्हणून तर तुमची सूची कोणी उघडत नसे, सर.” तो हसला.

आबासाहेब हसले नाहीत.

“चूक झाली तर?”

“एकच झाली. घातक म्हटलेला बिघाड निर्धोक निघाला. मंगळवारी शब्द बदलून टाकला. ग्रंथासारखे शुद्धिपत्र छापायला नको, काही नको. दोन सेकंदांचे काम!”

“नोंद कोणती?”

“चार हजार एकशे सतरा.”

आबासाहेबांचा चष्मा पुसणारा हात थांबला...

ते उठले. कपाटातून रुग्णालयाचा एक कागद आणून त्यांनी त्याची घडी अच्युतपुढे उलगडली.

नाव मृणालचे होते, आबासाहेबांच्या मुलीचे. वय अठ्ठावीस. नोंद ४११७, घातक. आधार म्हणून अच्युतचेच संकेतस्थळ. त्याखाली शल्यविशारदाची एक ओळ: कर्करोगाचा संभव टाळण्यासाठी दोन्ही अंडाशय काढले.

अच्युतने ती ओळ पुन्हा वाचली.

“सर... एकदा मला विचारायचे तरी...”

“तुझा शब्द आम्हांला पुरेसा वाटला.”

एवढ्यात मृणाल चहा घेऊन बाहेर आली.

“काय रे अच्युतदादा, वर्धापनदिन आणि हात रिकामे? पेढे राहू देत, निदान तुझ्या चिमीला तरी आणायचेस! या घरात आता दुसऱ्यांचीच मुले खेळायची.”

अच्युतने कागदावर तळहात पालथा घातला.

“शब्द बदलल्याचे हिला ठाऊक...?” त्याने ओठांतल्या ओठांत विचारले.

आबासाहेबांनी नकारार्थी मान हलवली. मग त्याचा तळहात उचलून त्यांनी बाजूला ठेवला आणि स्वतःची खुर्ची मुलीकडे सरकवली.

“बैस, मृणाल. अच्युतला एक शब्द बदलायचा आहे. दोन सेकंदांचे काम आहे.”