प्लॅटिनमच्या तारेवरचा थर

एका प्रयोगशाळेत प्लॅटिनमची एक तार राहायची. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या चारुताला आवाज ऐकू यावा म्हणून तिच्या कानात ही तार बसवायची होती. पण चाचणीच्या बशीतल्या मज्जापेशी तिला पाहून लांब सरकत.

"तू परकी वाटतेस," त्या म्हणत.

"मी प्लॅटिनम आहे. मला गंजसुद्धा चढत नाही," तार ठसक्यात सांगे.

काचेच्या भांड्यातला जांभळा प्लाझ्मा, म्हणजे विजेने उजळलेला वायू, म्हणाला, "यांना ओळखीचा वाटेल असा पातळ थर चढवतो. तुझी चमक मात्र झाकली जाईल."

तार रुसली. मग तिला चारुता आठवली. "चढव," ती म्हणाली.

पुढे चारुताच्या कानात एक मज्जापेशी तारेला येऊन बिलगली. "कोण गं तू?"

तार नाव सांगणार, इतक्यात बाहेरून आईची हाक आली, "चारू."

तारेने आधी ती हाक पेशीकडे पोचवली. नाव सांगायचं राहूनच गेलं.