खाडीपलीकडचं खमीर

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा खाडीवर पूल नव्हता आणि चर्चची घंटा हेच गावाचं घड्याळ होतं. त्या गावात फिलू नावाची मुलगी होती. तिला कळायला लागलं तेव्हा आईनं तिला पहिला नियम शिकवला.

"मडक्यातलं खमीर कधी चाखायचं नाही."

"का?" फिलूनं विचारलं.

"आणि का, असं कधी विचारायचं नाही," आई म्हणाली.

म्हणजे एका नियमाचे दोन झाले. मोठ्यांचे नियम असेच वाढतात.

या मडक्याची हकीकत अशी. गावाचे नाताळचे पाव एकाच खमिराचे व्हायचे. ते खमीर वर्षानुवर्षं जिवंत ठेवलेलं होतं. दरवर्षी ते सांभाळायची पाळी वेगळ्या घराची. त्या घरानं रोज मडक्यात मूठभर पीठ आणि पेलाभर ताडी घालायची. नाताळला चार रविवार उरले की गावातला सगळ्यात वयस्कर माणूस यायचा, खमीर नासू नये म्हणून आपल्या हातानं त्यात चिमूटभर मीठ टाकायचा आणि जायचा. नाताळच्या दोन दिवस आधी घरोघरच्या बायका भांडी घेऊन यायच्या आणि एकेक गोळा घेऊन जायच्या. गरिबाचा पाव आणि श्रीमंताचा पाव एकाच मडक्यातून फुगायचा. गावाला याचा मोठा अभिमान होता.

पण ज्या घराच्या हातून खमीर मरेल, त्या घरानं गाव सोडायचं. खाडीपलीकडे जाऊन राहायचं. नाताळच्या पंगतीत त्या घरचं पान नाही, चर्चमध्ये बाक नाही, आणि त्या घरचं पाणीसुद्धा कुणी प्यायचं नाही. पाद्री वर्षातून एकदाच, नाताळला, होडीनं यायचे आणि दुसऱ्या दिवशी परतायचे. एरवी रविवारची प्रार्थना गावातले म्हातारेच सांगायचे, आणि सगळा न्यायही त्यांच्याकडेच होता. पारावर बसून ते तो करायचे.

तीन पिढ्यांपूर्वी एका घराच्या हातून खमीर मेलं होतं. त्या घरात आता एकटी कात्रीन उरली होती. ती चटया विणायची, खेकडे पकडायची. रविवारी होडी वल्हवत चर्चला यायची, दाराबाहेर उन्हात उभी राहायची आणि प्रार्थना संपली की परत जायची. आत बसलेले लोक शेजाऱ्यावर प्रेम करा हे वचन मान डोलावून ऐकायचे. दार उघडंच असायचं. मागे वळून कुणी बघायचं नाही.

त्या वर्षी खमिराची पाळी फिलूच्या घराची होती. घरात दोघीच, फिलू आणि तिची विधवा आई. आई मडक्याला इतकी जपायची की शिंक आली तरी अंगणात जायची.

ठरल्या रविवारी गावातले सगळ्यात वयस्कर, थोरले बाबा, काठी टेकत आले. त्यांनी मीठ टाकलं आणि गेले. पण चिमूट काही ती नव्हती. हात थरथरला आणि मूठभर पडलं.

मंगळवारी ते परत आले. "मीठ घालायचं राहिलं ना माझं?" म्हणाले आणि घातलं.

शुक्रवारी पुन्हा आले. "यंदा मीठच टाकलं नाही बघ."

फिलूनं तोंड उघडलं, तेवढ्यात आईनं तिला इतका जोरात चिमटा काढला की तोंड उघडंच राहिलं. बाबांनी मूठभर मीठ टाकलं, मडक्यावर क्रूसाची खूण केली आणि समाधानानं गेले.

"आई, तिसऱ्यांदा टाकलं त्यांनी!"

"मोठे आहेत ते."

"मोठ्यांनी टाकलेलं मीठ कमी खारट असतं का?"

आईनं पुसायचं फडकं उचललं. तिला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की ती मडकं पुसायला घ्यायची. त्या दिवशी तिनं ते चार वेळा पुसलं.

आधी खमिराचे बुडबुडे कमी झाले. मग आंबूस वास गेला. गोळे वाटायच्या आदल्या दिवशी सकाळी फिलूनं फडकं उचललं तर आत चिखलासारखा करडा, निपचित लगदा होता. आई मडक्याशेजारी खाली बसली.

"आपलं घर गेलं गं," ती म्हणाली. "तुझ्या बाबांनी एकेक दगड वाहून बांधलेलं घर."

फिलूनं बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

"फिलू!"

"खारट आहे, आई. समुद्रासारखं खारट. आपण नाही मारलं हे."

"हे कुणाला सांगणार आहेस? चाखल्याशिवाय खारट कसं कळलं, असं विचारतील. मग?"

फिलू उठली. तिनं ओढणी डोक्यावर घेतली.

"कुठे निघालीस?"

"खाडीपलीकडे. उद्यापासून तिथे राहायचंय ना? बघून तरी येते, छप्पर गळतंय का."

ओहोटी होती. फिलू गुडघाभर चिखलातून पलीकडे गेली. अंगणात पोचली आणि थबकली. दारावर बांबूच्या कामट्यांचा, कागद लावलेला तारा टांगलेला होता. आपल्या घराकडे नाही, गावाकडे तोंड करून. आणि आतून वास येत होता. पावाचा. आंबूस, गोडसर, भाजक्या पावाचा.

कात्रीन दारात आली. हाताला कोपरापर्यंत पीठ.

"कुणाची गं तू? पाय धू आधी, अख्खी खाडी घेऊन आलीस."

फिलूनं पाय धुतले आणि तांब्यात उरलेलं पाणी घटाघटा प्यायली. कात्रीन बघतच राहिली. त्या घरचं पाणी बाहेरचं कुणी प्यायल्याचं तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. ती पदरानं पीठ पुसू लागली. पीठ आणखीच पसरलं. फिलूनं तिला मेलेल्या खमिराचं आणि थोरल्या बाबांनी तीनदा टाकलेल्या मिठाचं सगळं सांगून टाकलं.

"मावशी, तुमच्याकडे खमीर कुठून आलं?"

"तुमचंच आहे ते," कात्रीन म्हणाली.

मग तिनं सांगितलं. तीन पिढ्यांपूर्वी तिच्या आजीकडे मडकं होतं. त्या वेळचा वयस्कर माणूस मीठ टाकायला यायच्या आदल्या दिवशी आजीनं आजारी लेकरासाठी पाव करायला एक गोळा काढून ठेवला होता. मग मीठ पडलं, वारेमाप पडलं. मडक्यातलं खमीर मेलं. आजीनं चाखून बघितलं आणि पारावर जाऊन सांगितलं, मीठ जास्त झालंय.

"मग?"

"मग काय! म्हणाले, तू चाखलंस? उष्टं केलंस, म्हणून मेलं. त्याच दिवशी नियम झाला, खमीर चाखायचं नाही म्हणून. त्याआधी सगळे चाखायचे. स्वयंपाक करणारी बाई चाखल्याशिवाय राहील का?"

फिलूच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. ज्या नियमाला ती देवाचा समजत होती, तो एका माणसाची चूक झाकायला ओढलेलं पांघरूण होता.

"आणि तो गोळा?"

"आजी घेऊन आली इथे. आजीनं जगवला, आईनं जगवला, मी जगवते. दर नाताळला एक मडकं भरून होडीत घालते आणि चर्चपाशी नेते. म्हटलं, एखाद्या वर्षी लागेल कुणाला. नाही लागलं की परत आणते."

"किती वर्षं?"

"माझी चाळीस झाली."

"चाळीस वर्षं! आणि राग नाही आला तुम्हाला?"

"आला की. ज्या वर्षी जास्त आला त्या वर्षी जास्त मळलं. पाव फार सुरेख फुगले," कात्रीन हसली. मग म्हणाली, "हे बघ, मडकं घेऊन जा. पण पारावर म्हाताऱ्याला फाडून खाऊ नकोस. बरा आहे तो."

"थोरले बाबा? बरे?"

"एकदा माझी होडी दोर तुटून वाहत चालली होती. पाच-सहा जण बघत उभे होते काठावर. तो गळ्याइतक्या पाण्यात उतरला, होडी ओढून आणली, खुंटाला बांधली. माझ्याकडे न बघता निघून गेला. पण गाठ अशी मारली होती की मला दोन दिवस सुटली नाही. ज्याला पर्वा नसते तो अशी गाठ मारत नाही, बाय."

फिलूला हे आवडलं नाही. तिला म्हातारे पूर्ण वाईट हवे होते, म्हणजे भांडायला सोपं जातं. पण ती गाठ तिच्याही डोक्यातून सुटेना.

भरती लागल्यावर कात्रीननं तिला होडीतून आणलं. मध्ये मडकं, फडक्यानं झाकलेलं. वाटेत फिलूनं विचारलं, "मावशी, तुम्ही बाहेरच थांबणार?"

"मी कायम बाहेरच थांबते."

"आज नाही," फिलू म्हणाली.

पारावर थोरल्या बाबांसह चार म्हातारे बसले होते. समोर मेलेल्या खमिराचं मडकं होतं आणि बाजूला फिलूची आई मान खाली घालून उभी होती. तिनं स्वतःच जाऊन सांगितलं होतं. लेकीला कुणी घरातून ओढत इथे आणू नये म्हणून.

"खमीर मेलंय," एक म्हातारा म्हणाला. "नियम सगळ्यांना माहीत आहे."

"खमीर खारट झालंय," फिलू म्हणाली.

"तुला कसं कळलं?"

"चाखलं."

पारावर गलका झाला. एकानं कपाळावर हात मारला, एकानं क्रूस केला. "बाटवलंन! म्हणूनच मेलं!"

"मेल्यावर चाखलं मी. आधी चाखलं असतं तर वाचलं असतं. तुम्ही चाखा ना. कुणीही चाखा. घाबरता कसले? पीठच आहे."

कुणी हललं नाही. फिलू थोरल्या बाबांकडे वळली. जिभेवर फार काही आलं होतं. मंगळवार आला होता, शुक्रवार आला होता. पण तिला ती गाठ आठवली आणि आवाज आपोआप खाली आला.

"बाबा, तुम्ही चाखा. मी काही बोलणार नाही."

थोरले बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग वाकले, बोट मडक्यात घातलं आणि तोंडात धरलं. बराच वेळ ते बोट त्यांनी तोंडातून काढलं नाही. काढलं तेव्हा डोळ्यांत पाणी होतं.

"मीच," ते म्हणाले. "मला आठवत नाही हल्ली. मला वाटलं, घातलंच नाही."

फिलूच्या आईनं पहिल्यांदा मान वर केली.

तेव्हा दुसऱ्या एका म्हाताऱ्यानं घसा साफ केला. तडजोडी करण्यात तो हुशार होता. "ठीक आहे. झालं ते झालं. हिच्या घरावर काही नाही. पलीकडलं खमीर आपण ठेवून घेऊ आणि आपल्या मडक्यात ओतू. बाहेर बोलायचं नाही. कात्रीनला पंगतीतले चार पाव काठावर पाठवून देऊ. नियम नियमाच्या जागी, नाताळ नाताळच्या जागी. काय?"

बाकीच्यांनी माना हलवल्या. फिलूचं घर वाचलं होतं. आईनं सुटकेचा श्वास सोडला आणि हात जोडले. आता फिलूनं फक्त हो म्हणायचं होतं. तेही नाही, नुसतं गप्प राहिलं तरी चाललं असतं.

कात्रीननं मडकं पारावर ठेवलं आणि ती सवयीनं मागे सरकली.

फिलूनं ते मडकं परत उचलून कडेवर घेतलं.

"नाही," ती म्हणाली.

"नाही म्हणजे?"

"मडकं मावशीचं आहे. मावशी जिथे बसेल तिथे ते राहील. ती दाराबाहेर उभी राहिली तर मडकंही दाराबाहेर, आणि मीही. तुम्ही आत बसून बिनफुगलेले पाव खा."

"फिलू, घर वाचलंय तुझं!"

"मावशीचं तीन पिढ्यांत वाचलं नाही. तिनं खमीर मरू दिलं नव्हतं, जगवलं होतं. तुमच्यासाठी. आणि तुम्ही तिला चार पाव पाठवणार?"

 तडजोडवाला म्हातारा पुन्हा घसा साफ करू लागला. तेवढ्यात फिलूच्या कडेवर मडक्यावरचं फडकं हळूच वर उचललं गेलं आणि एक बुडबुडा फुटल्याचा आवाज आला. खमीर फुगत होतं. त्याला कुणाची परवानगी लागत नव्हती.

थोरले बाबा काठी टेकून जरासे सरकले. पारावर त्यांच्या शेजारी एका माणसापुरती जागा झाली. त्यांनी तिथली धूळ हातानं झटकली.

"ये कात्रीन," ते म्हणाले. "बस."

कात्रीन पुढे आली. तिला बसता येईना, इतकी वर्षं उभं राहायची सवय. फिलूच्या आईनं तिचा हात धरला आणि तेव्हा कुठे ती नीट टेकली.

दुसऱ्या दिवशी गोळे कात्रीननं वाटले. घरोघरच्या बायका आल्या आणि घेण्याआधी प्रत्येकीनं बोट बुडवून चाखून बघितलं. नाताळला पाव असे फुगले की पाद्र्यांनी दोन जास्त खाल्ले आणि तिसरा खिशात टाकला. कात्रीन पहिल्या बाकावर बसली होती. दारावरचा तारा तिनं यंदा गावातच आणून लावला होता, तिकडून गावाकडे बघायला आता तिथे कुणी राहत नव्हतं. मीठ टाकायचं काम थोरल्या बाबांकडेच राहिलं. फक्त आता फिलू शेजारी उभी राहून मोठ्यानं म्हणायची, "बाबा, झालं, एकदा टाकलंत!" आणि ते हसून हात मागे घ्यायचे.

बोध: ज्याला आपण बाहेर उभं केलं, त्याच्यापाशीच आपली आशा जिवंत असू शकते, म्हणून नियम दाखवण्याआधी माणूस बघा.