ॲटवॉथ म्हणजे उताराजवळचा

“पण बाबा, नाव कुणाचं असतं? ज्याच्या रक्तात असतं त्याचं, की ज्याला दिलं त्याचं?”

नूरबाबांनी खाली वाकून फुंकर घातली. ते चूल पेटवत होते. काटक्या ओल्या होत्या आणि धूर डोळ्यांत जात होता.

प्रश्न विचारणारे शांतवन मास्तर गोधडीच्या टोकावर अंग चोरून बसले होते. नगरला एकतीस वर्षं इंग्रजी शिकवून गेल्या जूनमध्येच निवृत्त झालेले. पूर्ण नाव शांतवन देवदान ॲटवॉथ. हे नाव ते कुणालाही अर्धं सांगत नसत. रेशनच्या दुकानात कारकुनानं एकदा घाईत ‘आठवले’ लिहिलं, तर मागची रांग बोंबलत असताना त्यांनी ते खोडायला लावलं होतं.

प्रवरेचा काठ होता. पौषातली दुपार. वरच्या अंगाला गुऱ्हाळं पेटली होती आणि त्यांचा गोडसर धूर पाण्यावर येऊन तिथंच रेंगाळला होता. पलीकडे काठ आहे हे माहीत होतं, म्हणून आहे म्हणायचं. दिसत काहीच नव्हतं.

इथं नदी पसरते, उथळ होते, पायी ओलांडता येते. अशा जागेला उतार म्हणतात. उताराच्या या अंगाला बाबांचा तकिया. एक कुडाची खोली, एक लिंब, एक रांजण. फकिराला आणखी काय लागतं.

“जगात आमची किती माणसं आहेत ठाऊक आहे?” मास्तरांनी विचारलं.

“सांग.”

मास्तरांनी फाईल उघडली. बावीस वर्षं त्यांनी या एका आडनावाचा पाठलाग केला होता. चर्चची जुनी दफ्तरं, जनगणनेच्या नकला, टेलिफोनच्या डिरेक्टऱ्या, इंग्लंडहून आलेली पत्रं. त्या नादात लग्न राहून गेलं, असं त्यांची बहीण म्हणायची. मास्तर म्हणायचे, राहिलं ते बरंच झालं.

“शंभर वर्षांपूर्वी इंग्लंडात दोनशे चौदा ॲटवॉथ होते. निम्म्याहून जास्त एकाच खोऱ्यात. मग काही गिरण्यांकडे गेले, काही लढाईत... आता एक्कावन्न उरलेत. ऑस्ट्रेलियात बारा.”

“आन् नगरला?”

“पाच.”

बाबांना अक्षरं वाचता येत नव्हती, पण डोळे शाबूत होते. बाकीचे आकडे शाईचे होते. हा एकच पेन्सिलीचा होता.

“ह्यो फिका का?”

मास्तरांनी खिशातून एक पत्र काढलं. इंग्लंडात ॲटवॉथ कुळाचं एक मंडळ होतं आणि ते वंशवृक्ष छापायला निघालं होतं. मास्तरांनी मोठ्या हौसेनं नगरची फांदी लिहून पाठवली होती. आलेलं उत्तर फार सभ्य होतं, म्हणून जास्तच लागलं. आमच्या पादरी पूर्वजानं बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्या पणजोबांना स्वतःचं आडनाव दिलं हे वाचून आनंद झाला, पण वृक्षात फक्त रक्ताचे लोक घेतो, मोजणीत आपल्याला धरता येत नाही याचं वाईट वाटतं, असं त्यात होतं.

“वाईट वाटतं म्हणे.” मास्तरांचा आवाज चिरकला. “अठ्ठावन्न वर्षं या नावानं जगलो मी. आता दारात उभा राहिलो, तर आतून कोणी विचारतंय, आपण कोण?”

बाबांनी पत्र हातात घेतलं. उलटंसुलटं करून पाहिलं. मग त्यानंच चुलीला वारा घालू लागले.

जाळ धरला.

“कागद जाड हाय,” ते समाधानानं म्हणाले आणि पत्र परत दिलं.

मास्तरांनी ते घडी करून खिशात ठेवलं. इथवर येण्याचं खरं कारण त्यांनी अजून ओठांवर आणलं नव्हतं. सकाळपासून ते घशाशी येऊन परत जात होतं.

“बाबा, माझे पणजोबा या काठचे. पादरी ॲटवॉथ घोड्यावरून इथूनच जायचा-यायचा. तुम्ही म्हाताऱ्यांकडून काही ऐकलं असेल. पणजोबांची आई, आणि तो पादरी... असं काही लोक बोलायचे का?”

बाबांनी एक काटकी चुलीत सारली.

“आमच्या घरात डोळे घारे आहेत,” मास्तर घाईनं म्हणाले.

“मांजराचंबी असत्यात.”

पाण्याचा आवाज येत होता. मास्तर खाली मान घालून बसले.

“म्हंजे चोरून आलेलं चालंल तुला,” बाबा हळूच म्हणाले. “हातानं दिलेलं न्हाई चालत.”

मास्तरांच्या कानशिलांना झळ लागली. एकतीस वर्षं त्यांनी पोरांना बाकावर उभं केलं होतं. त्यांना कुणी केलं नव्हतं. उठून चालू लागावं असं वाटलं, पण परतीची एस.टी. साडेपाचला होती. शिवाय बोलणं खरं होतं, आणि खरं बोलणं टाकून जाता येत नाही.

तेवढ्यात धुरातून हाक आली.

“ओऽऽ उतारकर!”

बाबांनी चुलीवरचं भगुलं उतरवलं. लुंगी खोचली, लिंबाला टेकलेली काठी घेतली आणि पाण्यात शिरले. घाई नाही, उशीर नाही. आधी धुरात पाय दिसेनासे झाले, मग कंबर. मग नुसतीच काठी थोडा वेळ धुरात चालत गेली.

मास्तर ऐकत राहिले.

बऱ्याच वेळानं दोन माणसं धुरातून बाहेर आली. मागच्याच्या खांद्यावर सायकल होती आणि एक हात बाबांच्या हातात. काठावर येताच त्यानं सायकल टेकवली, “येतो, उतारकर,” म्हणाला आणि पायवाटेनं निघून गेला.

“धुरात वाट कळते कशी?” मास्तरांनी विचारलं.

“पायाला वाळू लागली तर बरुबर. गोटा लागला तर चुकला.”

“आणि तुमचं आडनाव उतारकर आहे?” मास्तरांचा हात आपोआप पेन्सिलीकडे गेला. आडनाव कानावर पडलं की तो जायचाच.

“पलीकडचं लोक म्हनत्यात.”

“पण फकिराला...”

“माज्या आदी हितं एक गोसावीण व्हती. तिलाबी उतारकरच म्हनायचं. तिच्या आदी एक आंधळा कोळी. त्याच्या आदीचं कुनाला ठावं.” बाबांनी पाय पुसले. “एक जन पादऱ्याच्या मागं नगरला गेला म्हनत्यात. जाताना काठी तेवढी ठिवून गेला.”

मास्तरांची पेन्सिल कागदावर टेकली आणि तिथंच राहिली.

“ही काठी?”

“मूठ तीच. खालचं लाकूड झिजतं. ज्यो त्यो आपल्या येळंला बदलतो.”

मास्तरांनी काठीकडे पाहिलं. मूठ काळी, तुळतुळीत होती. हात लावावा असं फार वाटलं, पण लावला नाही.

“आनखी काय रिवाज न्हाई बघ हितला,” बाबा म्हणाले. “हाक आली की जायचं. कोन, कुठला, इचारायचं न्हाई. त्यो आपल्याला इचारत न्हाई.”

चहा झाला. गुळाचाच होता. धूर आता आणखी खाली आला होता आणि लिंबाचा शेंडाही त्यात बुडाला होता. मास्तरांना वाटलं, आपण कालपासून इथं बसलोय. किंवा फार पूर्वीपासून.

“तुज्या त्या नावाला अर्थ काय रं, मास्तर?”

हा प्रश्न मास्तरांना जगातला सगळ्यात आवडता. कुणी विचारला नाही तरी ते उत्तर देत. ताठ बसून त्यांनी सुरुवात केली.

“सातशे वर्षांपूर्वीची गोष्ट. उत्तर इंग्लंडातल्या एका गावात एकाच नावाची पाचसहा माणसं असायची. सारा गोळा करणारा यायचा, त्याला ती वेगळी लिहायला लागायची. मग जो डोंगराखाली राहतो तो डोंगरवाला, जो गिरणीपाशी तो गिरणीवाला. ॲटवॉथ म्हणजे वॉथजवळचा. आणि वॉथ म्हणजे तिकडच्या बोलीत...”

हजारदा सांगितलेलं वाक्य होतं ते. आज जीभ अडखळली.

“...नदी पायी ओलांडायची जागा.”

बाबांनी मान हलवली, जसं कुणी पावसापाण्याचं सांगितलं असावं.

“मग त्यो पैला मानूस. हे नाव त्यानं सोताच घेतलं?”

“नाही. शेजारीपाजारी म्हणायचे, तेच पडलं.”

“त्यो मेल्यावर तिथं कोन ऱ्हायलं?”

“मुलगा राहिला असेल. नाहीतर... दुसरा कोणी.”

“त्या दुसऱ्याला काय म्हनलं आसंल?”

बावीस वर्षांत त्यांनी इतके कागद वाचले होते, पण हा माणूस त्यांना कुठंच भेटला नव्हता. परका, बिनओळखीचा, रिकाम्या झोपडीत येऊन राहिलेला. तोही त्या दोनशे चौदांचा बाप असू शकत होता.

उत्तर त्यांना येत होतं. ते दिलं असतं, तर मंडळाचा सगळा वृक्ष हलला असता. आणि त्यांचा स्वतःचाही, कारण तोच वृक्ष त्यांना हवा होता.

“ठाऊक नाही,” ते म्हणाले. शिक्षकाच्या तोंडून हे शब्द फार कष्टानं निघतात.

बाबांनी आभाळाकडे पाहून वेळेचा अंदाज घेतला. रांजणातल्या पाण्यानं हातपाय धुऊन वजू केलं, चटई अंथरली आणि तिसऱ्या प्रहरच्या, अस्रच्या नमाजाला उभे राहिले.

मास्तर एकटे उरले. खिशातलं पत्र छातीला टोचत होतं.

“ओऽऽ उतारकर!”

हाक बाईची होती, म्हाताऱ्या बाईची. मास्तरांनी बाबांकडे पाहिलं. बाबा वाकले होते.

“उतारकर, हाय का न्हाई कुनी?”

आता बाबांचं कपाळ जमिनीला टेकलं होतं. नमाज मध्येच सोडता येत नाही, एवढं मास्तरांना कळत होतं. आपल्याला पोहता येत नाही, हेही कळत होतं. अडचण अशी की, त्या हाकेला दुसरं कुणी नव्हतं.

त्यांनी बूट काढले. विजारीचे पाय वर दुमडले. काठी घेतली तेव्हा मूठ हातात अशी बसली की त्यांना क्षणभर भीतीच वाटली.

पाणी बर्फासारखं होतं. दहा पावलांवर मागचा काठ गेला. पुढचा तर नव्हताच. वर धूर, खाली पाणी आणि मध्ये गुळाचा वास. नगर कुठल्या दिशेला, इंग्लंड कुठल्या, काही सांगता येईना. एकदा गोटा लागला. मास्तर थांबले, पाय मागं घेतला, चाचपडत राहिले. मग बोटांखाली वाळू आली, मऊ, आणि का कोण जाणे, त्यांना रडू आलं.

“येतंय का कुनी?”

“आलो!” मास्तर ओरडले. आवाज त्यांचाच होता, पण शाळेतला नव्हता.

म्हातारी पाण्याच्या कडेला उभी होती. डोक्यावर एक गाठोडं. तिनं न बघताच हात पुढं केला, जसा जिन्याच्या कठड्याला करतात. मास्तरांनी तो धरला. खरबरीत आणि कढत होता.

अर्ध्या वाटेवर ती म्हणाली, “नवं दिसताय जनू, उतारकर.”

“नाही हो बाई, माझं नाव शांतवन देवदान...”

तिचा पाय सटकला. गाठोडं कललं. मास्तरांनी काठी रोवली आणि तिला दंडाला धरून सगळा जीव लावून उभं केलं. ती सावरली. दोघंही तसेच थांबले, धापा टाकत. नावाचं वाक्य अर्धंच राहिलं आणि पूर्ण करायचं मास्तरांना सुचलं नाही.

“आदीचंबी असंच घट धरायचं,” म्हातारी म्हणाली.

काठ आला. तिनं गाठोडं सोडलं, दोन पेरू काढून रांजणाच्या झाकणीवर ठेवले, “येते, उतारकर,” म्हणाली आणि गेली. मास्तर ती दिसेनाशी होईपर्यंत बघत होते. गुडघ्याखाली पाय बधिर झाले होते. फाईल लिंबाखाली उघडी पडली होती आणि पानं आपली आपण उलटत होती. ती मिटायला ते गेले नाहीत.

बाबा चटई गुंडाळत होते.

“बाबा...” मास्तरांच्या हातात काठी तशीच होती. “त्या बाईनं मला तुमच्या नावानं हाक मारली.”

बाबांनी एक पेरू उचलला. लुंगीला पुसला. निम्मा तोडून मास्तरांपुढं धरला.

“माजं कवा व्हतं ते?”